राहीबाईचं सुतक

तार आली तेव्हा राकेल दवाखान्याच्या ओट्यावर एका लेकराचं वजन करत होती. वसमतहून सायकलवर आलेल्या शिपायाने कागद तिच्या हातात दिला आणि तो लिंबाच्या सावलीला जाऊन टेकला. मजकूर स्पॅनिश भाषेतला. वाटेतल्या कुठल्याच तारबाबूला ती भाषा येत नसल्याने अक्षरं इकडची तिकडे झाली होती, पण 'मामा' हा शब्द, तारीख आणि खाली भावाचं नाव एवढं शाबूत होतं. तिकडे आईला मामा म्हणतात. राकेलने काट्यातलं लेकरू खाली उतरवलं, त्याच्या आईला दुधाच्या भुकटीचं पाकीट दिलं, दाराला कडी घातली आणि ती घरी आली.

घर अमृतराव गुरुजींचं, हट्टा गावच्या बौद्धवाड्यातलं. दुष्काळात लेकरांसाठी औषधपाणी करणाऱ्या एका परदेशी संस्थेने राकेलला नर्स म्हणून इकडे पाठवलं, तेव्हा गावात दोन-तीन ठिकाणी खोली विचारून झाली होती. प्रत्येक ठिकाणी आधी जात आणि मग ती काय खाते हे विचारलं गेलं. अमृतरावांनी फक्त एवढंच विचारलं की बाईंना कंदील लागेल का. मग ते स्वतःच म्हणाले, लागेलच, आणि समोरची खोली झाडून घेतली. त्यांच्या बायकोला, जनकाबाईंना, 'राकेल' म्हणता येईना. त्यांनी राहीबाई केलं आणि आठवड्यात गावाने तेच उचललं.

ती कुठली हे मात्र कुणाला नीट कळलं नव्हतं. कुणी इंग्लिशबाई म्हणे, कुणी अमेरिकेची. ती होती आर्जेंटिनाची. आजी-आजोबा रशियातले ज्यू. तिकडे ज्यूंची घरंदारं जाळली जाऊ लागली तेव्हा जहाजात बसून ते दक्षिण अमेरिकेत उतरले, आणि दोन मोठ्या नद्यांच्या मधल्या सपाट मुलखात त्यांना जमीन मिळाली. ज्यांच्या सात पिढ्यांनी नांगर धरला नव्हता ते गहू पेरायला आणि गुरं राखायला शिकले. आजोबा तिथल्या गुराख्यांसारखी सैल विजार घालून घोड्यावर बसत, आणि घोड्याशी आपल्या जुन्या भाषेत, यिद्दिशमध्ये बोलत. राकेलचे वडील शहरात गेले, टोप्यांच्या कारखान्यात लागले, कामगार संघटनेत शिरले. देवधर्म त्यांनी सोडला तो नुसता सोडला नाही, उपासाच्या मोठ्या दिवशी ते खिडकीत बसून मुद्दाम जेवत. आई, क्लारा, त्यांना काही बोलत नसे. पण शुक्रवारी संध्याकाळी ते सभेला गेले की ती स्वयंपाकघराची खिडकी लावून दोन मेणबत्त्या पेटवी आणि डोळ्यांवर हात धरून काहीतरी पुटपुटे. राकेलने विचारलं तर म्हणे, काही नाही, माझी आई करायची.

शाळेत राकेलला सगळे 'रूसा' म्हणत. रूसा म्हणजे रशियन बाई. तिकडे ज्यू माणसाला तसंच म्हणतात, त्याने रशिया पाहिला असो वा नसो. ती तिथेच जन्मली, तिथलीच भाषा बोलली, तरी रूसाच राहिली. अमृतरावांनी पहिल्या दिवसांत तिला धर्म विचारला तेव्हा ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली होती, "लोक म्हणतात, ज्यू. मी सोडला नाही. धरला पण नाही."

अमृतरावांनी त्यावर नुसती मान हलवली होती. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली होती, घरातले देव सरळ पूर्णा नदीच्या डोहात सोडले होते. धर्म धरणं काय आणि सोडणं काय, त्यांना दोन्ही ठाऊक होतं. दोन्ही न करणारं माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

त्या दुपारी राकेल आत आली, कोनाड्यातला छोटा आरसा तिने पालथा केला, आणि झग्याची गळ्याजवळची बाजू दोन्ही हातांनी धरून टर्रकन फाडली. जनकाबाई निवडणं टाकून धावल्या. तार पाहून त्यांना निम्मं कळलंच होतं. त्यांनी तिला जवळ घेतलं. मग राकेल म्हणाली, की तार फिरत फिरत आली, आई जाऊन बारा-तेरा दिवस झालेत. भावाने पुरलं. तो तिकडे बसणार नाही, वडिलांसारखाच आहे तो. मग कोण बसणार?

"बसायचं म्हंजी?" जनकाबाईंनी विचारलं.

राकेलने जमेल तसं सांगितलं. त्यांच्यात जवळचं माणूस गेलं की सात दिवस घरात खाली बसतात. पायात चप्पल नाही, आरशात पाहणं नाही, कामधंदा नाही, स्वयंपाक नाही. एक दिवा तेवत ठेवतात. शेजारपाजारचे जेवण आणतात आणि सोबत बसून राहतात. बातमी महिन्याच्या आत आली तर पूर्ण सात दिवस. उशिरा आली तर फक्त एक तास. तिच्या आजीची बहीण रशियात गेली तेव्हा पत्र यायला चार महिने लागले होते. आजी तासभर उलट्या खोक्यावर अनवाणी बसली, आणि मग उठून गाईची धार काढायला गेली. राकेल तेव्हा लहान होती. आजीला रडायला एकच तास का दिला, हे तिला तेव्हा कळलं नव्हतं.

"माझी बातमी वेळेत आली," ती म्हणाली. "म्हणून मी बसणार."

अमृतराव शाळेतून आले ते ऐकून ओसरीतच थांबले. आई गेल्याचं त्यांना वाईट वाटलं, त्यांनी ते राकेलला नीट सांगितलं. पण सुतक हा शब्द त्यांना सहन होणारा नव्हता. या घरात दहावं नाही, तेरावं नाही, विटाळ नाही; दीक्षेच्या वेळी तशी प्रतिज्ञा घेतलेली. वाड्यातल्या घराघरांतून हे काढून टाकायला त्यांची पंधरा वर्षं गेली होती. आता त्यांच्याच घरात कुणी दिवा लावून सात दिवस बसलं तर लोक काय समजतील? शिवाय दवाखाना. पाण्याने लेकरांची पोटं बिघडून राहिली होती.

ते तिला समजावून सांगू लागले की मुंबईला तिचे लोक आहेत, मराठी बोलणारे यहुदी, त्यांचं प्रार्थनामंदिरही आहे. संस्थेची जीप नांदेडपर्यंत सोडील, तिथून गाडी मिळेल. राकेल म्हणाली की मुंबईत उतरली तेव्हा ती त्या मंदिरात जाऊन आली होती. नऊवारीतल्या म्हाताऱ्या बायकांनी तिला चहा पाजला, खूप माया केली.

"पण त्या मला ओळखत नाहीत, गुरुजी," ती म्हणाली. "इथं ओळखतात."

अमृतराव उठले. ते टोपी घालून बाहेर पडले, आणि दुसऱ्या दिवशी वसमतला जाऊन संस्थेच्या डॉक्टरांना सांगून आले. डॉक्टर वैतागले, पण एक दिवसाआड कंपाउंडर पाठवायला तयार झाले.

राकेल बसली. जनकाबाईंनी तिच्या खोलीत गोणपाट अंथरलं, पणतीत करडीचं तेल घातलं. पहिल्या संध्याकाळी त्यांनी मसुरीची आमटी आणि अंडी उकडून दिली, कारण राकेलने सांगितलं होतं की पहिला घास गोल वस्तूचा असतो. भाकरी मात्र मिलोची, रेशनवरच्या लाल परदेशी ज्वारीची; दुसरं धान्य होतं कुठे. झग्याची फाट शिवायला त्या सुईदोरा घेऊन आल्या तेव्हा राकेलने हात धरला. ही फाट राहू द्यायची असते, म्हणाली.

जनकाबाई घरचं आवरून तिच्याशेजारी येऊन बसत. बोलणं फार नसे. कधी राकेल आईबद्दल सांगे, तिच्याजवळ मराठी संपली की स्पॅनिशमध्ये सांगे, आणि जनकाबाई तेही ऐकत.

दुसऱ्या संध्याकाळी अमृतरावांनी बायकोला ओसरीत बोलावून सांगितलं, की पाहुणीचं दुःख तिच्या रीतीने होऊ दे, पण तू काहून दिवसभर बसून राहिलीस? वाड्यातल्या बाया आता तुला पाहून आपापल्या घरी सुरू करतील.

जनकाबाई भांडं घासत होत्या. त्यांनी ते पालथं घातलं.

"माझी माय गेली तवा दीक्षा घेऊन साल न्हवतं झालं," त्या म्हणाल्या. "माहेरी, जवळा बाजारला गेले, वंदना झाली, अन् दुसऱ्या दिशी तुमी मला घेऊन आले. सुतक न्हाई तर थांबायचं कशाला, म्हणाले. तुमचं चुकलं असं मी म्हणत न्हाई. दहावं करायचं न्हवतंच मला. पण बसायचं ऱ्हाऊन गेलं."

सोळा वर्षांत ही गोष्ट या घरात कधी निघाली नव्हती. अमृतराव उठून अंगणात गेले. त्यांना आठवत होतं ते एवढंच, की परत येताना बैलगाडीत जनकाबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि आपण त्यांना वाटभर नव्या धम्मातली माणसाची बराबरी समजावून सांगत होतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी नर्मदाबाई आली. गावाबाहेर मेंढरं राखणाऱ्यांची जी घरं होती त्यांतली ही म्हातारी. नवरा नामाजी उरलीसुरली मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी गोदावरीकडे गेलेला. ही आणि सून रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत. नातू सकाळपासून ढाळत होता. दवाखान्याला कडी, कंपाउंडरचा तो दिवस नव्हता. कुणीतरी सांगितलं म्हणून ती बौद्धवाड्याच्या तोंडाशी आली, आणि तिथेच उभी राहून हाका मारू लागली. आत यायला पाय रेटत नव्हता.

राकेल हाक ऐकून उठली. जनकाबाईंना वाटलं, ही आता काय करणार. कामाला हात लावायचा नाही म्हणाली होती. राकेल अनवाणीच तापलेल्या फुफाट्यातून गेली, लेकरू उचललं आणि घरात आणलं. त्याची टाळू खोल गेली होती, डोळे वर लागले होते. मागोमाग नर्मदाबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि थबकली.

राकेलने साखर-मिठाचं पाणी कालवलं आणि चमच्याने त्याच्या ओठांत सोडू लागली. पोराने ओकून टाकलं, तिने पुन्हा दिलं. जनकाबाई ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत होत्या. उन्हं कलली तेव्हा लेकराने मूठ वळली, तोंड वाकडं केलं आणि रडायला लागलं. डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी पाहून राकेल मागे टेकून बसली.

तुमचं बसणं मोडलं का, असं जनकाबाईंनी विचारल्यावर ती म्हणाली, "नाही. जीव वाचवायला सगळं मोडता येतं. आजोबा सांगायचे." आणि ती पुन्हा गोणपाटावर जाऊन बसली.

नर्मदाबाई हे सगळं उंबऱ्यातून पाहत होती. फाटका झगा, पालथा आरसा, दिवसाढवळ्या जळणारी पणती.

"कोण गेलं हिचं?" तिने जनकाबाईंना विचारलं.

"माय. लई दूर. समुद्रापल्याड."

"आन् भाऊबंद?"

"इथं कोन हाय?"

नर्मदाबाईने लेकरू खांद्यावर टाकलं आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत भाकऱ्या, पिठलं, कांदा. कामावरचा खाडा करून केलेलं. सुतकाच्या घरी सोयऱ्यांनी कडू घास न्यायचा आणि दुखवट्यातल्या माणसाला आपल्या हाताने जेवायला लावायचं, ही रीत इकडे सगळ्यांत आहे. हिला सोयरं नाही म्हणून मीच आणला, ती म्हणाली. पण रीत अशीही आहे की घास आणणाऱ्याने सोबत बसून चार घास खायचे, नाहीतर समोरच्याच्या गळ्याखाली उतरत नाही. नर्मदाबाईने पाटी उंबऱ्यात ठेवली आणि ती उभीच राहिली. पासष्ट वर्षांत तिने या वाड्यातल्या कुठल्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. काल लेकरासाठी आली तेही उंबऱ्यापर्यंतच.

राकेलला यातलं फारसं कळत नव्हतं. तिने शेजारी गोणपाटावर हात ठेवला, म्हणाली, बसा.

जनकाबाई मात्र चुलीपाशी पाठ करून उभ्या राहिल्या. या म्हणायचं नाही आणि नको म्हणायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. असली आमंत्रणं देऊन त्यांचे हात पोळलेले होते.

नर्मदाबाईने पदर सावरला, उंबरा ओलांडला आणि गोणपाटाच्या कडेला टेकली. भाकरीचे तुकडे केले. राकेलपुढे एक ठेवला, एक स्वतः घेतला. मग जनकाबाईंकडे पाहून म्हणाली, "बाई, तुमीबी या की. मी केलेलं चालन का तुमाला?"

जनकाबाई वळल्या. "चालन," त्या म्हणाल्या. "पण पाणी माझं लागन."

"द्या."

तिघी जेवल्या. नर्मदाबाईने तांब्याने वरून पाणी घेतलं, घोटभरच, पण घेतलं. मग ती स्वतःच्या आईबद्दल बोलू लागली, जी मेंढरांमागे हिंडताना कुठल्याशा माळावर गेली आणि जिला तिथेच माती दिली होती. तो माळ आता कुठला हेही आठवत नाही, म्हणाली. राकेलने ते दोनदा समजावून घेतलं. रशियात राहिलेल्या आपल्या माणसांची मातीही कुणाला ठाऊक नाही, एवढंच ती बोलली.

यानंतर नर्मदाबाई रोज कामावरून सुटली की येऊ लागली. वाड्यातल्या दोघी-तिघी बायकाही टेकू लागल्या. अमृतराव ओसरीतून ऐकत. शेवटच्या संध्याकाळी ते दाराशी आले आणि त्यांनी राकेलला विचारलं, की तुमच्यात प्रार्थना काही नाही का?

आहे, ती म्हणाली. पण ती म्हणायला दहा पुरुष लागतात. तिच्या आजोबांच्या वस्तीत कुणी गेलं की दूरदूरच्या शेतांवरून माणसं घोड्यावर येत, दहा भरेपर्यंत वाट पाहत.

"ज्यू पुरुषच?"

"हो."

"बायका धरत नाहीत?"

"नाही."

"हे बराबर नाही," अमृतराव म्हणाले, आणि राकेल त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आई हेच म्हणायची, म्हणाली.

मग तिने सांगितलं की खरी अडचण वेगळीच आहे. तिला ती प्रार्थना येत नाही. सुरुवातीचे दोन-चार शब्द कानात आहेत, तेही अर्थाशिवाय. ती भाषा ना तिची, ना आईची. जे येत नाही ते म्हणण्याचा आपल्याला काय हक्क?

अमृतराव उंबऱ्यावर बसले. "मी पहिल्यांदा वंदना म्हटली ना, बाई, तेव्हा पालीचा एक शब्द मला कळत नव्हता," ते म्हणाले. "शाळामास्तर मी, पण पाठ करून म्हटली. माझी माय तर 'सरणं'चं 'सरपण' करायची. मी चिडायचो तिच्यावर. ती म्हणायची, माझं मला कळतं. अर्थ मागून आला, हळूहळू. तुम्हाला येतं तेवढं म्हणा. मी काही करणार नाही. इथं बसतो."

राकेलने डोळ्यांवर हात धरले. "यिसगदाल वेयिसकदाश," ती म्हणाली. पुढचा एक शब्द आठवला, तो म्हटला. मग थांबली. मग उरलेलं तिने स्पॅनिशमध्ये म्हटलं, तिचं तिने, आईशी बोलल्यासारखं. कुणी विचारलं नाही ते काय होतं. जनकाबाईंचे ओठ हलत होते. त्या दुसऱ्याच कुणाशी बोलत असाव्यात. अमृतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि नंतर जमिनीकडे पाहत बसून राहिले.

सातव्या सकाळी थोडा वेळ बसलं की झालं, असा नियम होता. कुणीतरी ऊठ म्हणायचं असतं आणि मग बाहेर पडून वस्तीला एक फेरी मारायची असते. जनकाबाईंनी तिला हाताला धरून उठवलं, पायात चपला घालायला लावल्या. नर्मदाबाई कामावर जाता जाता आलेली होती. तिघी निघाल्या.

वाडा संपतो तिथे जनकाबाईंचे पाय सवयीने बाहेरच्या पायवाटेकडे वळले. त्या वाटेने काट्याकुट्यांतून दवाखाना लांब पडे. नर्मदाबाई म्हणाली, "तिकून काहून? इकून सरळ हाय." आणि ती गावातून, मारुतीच्या पारावरून जाणाऱ्या रस्त्याला लागली. जनकाबाई क्षणभर थांबल्या आणि तिच्यामागे चालू लागल्या. पारावर माणसं बसलेली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, सकाळी सकाळी कुणीकडे.

"राहीबाईची माय गेली व्हती," नर्मदाबाई न थांबता म्हणाली. "सात दिस झाले. आज उठवली."

एक म्हातारा डोक्यावरचा पटका काढून मांडीवर घेऊन बसला, त्या पलीकडे जाईपर्यंत.

नामाजी परत आला तेव्हा त्याच्या कानावर हे गेलंच. भावकीतल्या माणसांनी त्याला नर्मदाबाईला शुद्ध करून घ्यायला सांगितलं. तो दोन दिवस बायकोशी बोलला नाही. पण शुद्ध वगैरे काही केलं नाही, आणि पुढे नातवाला देवीची लस टोचायला तोच घेऊन आला. राकेल आणखी दीड वर्ष हट्ट्यात राहिली. शुक्रवारी ती दोन दिवे लावी, खिडकी उघडी ठेवून. गुरुजींनी त्याला कधी हरकत घेतली नाही. कधीमधी तेल संपलंय का विचारत.

तिला उठवलं त्या सकाळी दवाखान्यापाशी बायका लेकरं घेऊन आधीच बसलेल्या होत्या. राकेलने कडी काढली, काटा झाडून स्वच्छ केला आणि पहिलीला जवळ बोलावलं.